आमच्या हॉलमधलं बिननावाचं वायफाय

नमस्कार मंडळी. या ग्रुपवर मी नुसती वाचत असते, लिहायला आज पहिल्यांदाच बसलेय. तुमच्यातल्या कितीतरी जणांचे अनुभव वाचून मी मनातल्या मनात हसलेयसुद्धा, आता खोटं कशाला बोलू. माझा असल्या गोष्टींवर विश्वास कधीच नव्हता. सासर देवगडकडचं, म्हणजे भुताखेतांचा पुरवठा घरचाच. गावी गेलं की जाऊबाई रोज जेवणं झाली की एक किस्सा काढायच्या. मी बडीशेप चघळत ऐकायची आणि जाऊन ढाराढूर झोपायची. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. बरं, यात भूत नाही, सावली नाही, पैंजणांचा आवाज नाही... वायफाय आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो, मिठागर रोडच्या आतल्या बाजूला, दुसरा मजला, भाड्याची जागा — आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय. घरात मी आणि आमचे हे. एकुलती एक मुलगी मंजू घाटकोपरला दिलीय, तिची नोकरी, तिची पोरं, तरी रविवारी नेमाने येते. आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझं लग्न दुसरेपणावर झालं. यांची पहिली बायको सुमती, लग्नानंतर दीडेक वर्षात तापाने गेली. मूलबाळ नव्हतं. तिचा एक फोटो होता लग्नातला, त्यात तिचा अर्धा चेहरा मुंडावळ्यांनी झाकलेला. बस, एवढीच ती.

गेल्या वर्षी यांना अर्धांगाचा झटका आला. हातपाय बरेचसे परत आले, वाचा नाही आली. समजतं सगळं, पण तोंडातून शब्द निघत नाही. आणि हा माणूस आयुष्यभर बोलका हो. मिल बंद पडल्यावर भांडुपच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे, तिथे यांच्या टेबलापाशी गप्पा मारायला म्हणून लोक सामान न्यायला यायचे. असा माणूस खिडकीकडे बघत गप्प बसलेला मला बघवेना.

स्पीच थेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या, यांच्या स्वतःच्या आवाजातलं काही असेल तर रोज ऐकवा. माणूस स्वतःच्या आवाजामागून कधीकधी बोलायला लागतो. आता ते आमच्याकडे ढीगभर होतं. यांना हँडीकॅमचा भारी नाद. अष्टविनायक असो, मंजूची मंगळागौर असो, हे सदा कॅमेऱ्यामागे. त्यामुळे आमच्या एकाही व्हिडिओत हे दिसत नाहीत. दिसते मी, आणि यांचा नुसता आवाज येतो.

मंजूने सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चालतील अशा करून घेतल्या आणि ऑफिसातून काढून टाकलेला एक छोटा कॉम्प्युटर आणून टीव्हीमागे लावून दिला. आम्ही त्याला डबा म्हणतो. डब्यात जागा कमी, म्हणून व्हिडिओ वर ठेवलेत — वर म्हणजे माळ्यावर नाही, इंटरनेटवर. संध्याकाळी चहा झाला की डबा चालू करायचा, तो वरून एकेक व्हिडिओ ओढून घेणार आणि हे ऐकणार. आता तुमच्यातलं कोणी विचारेल, पेनड्राइव्हवर का नाही घेत. मंजू करून देतेय. अजून करूनच देतेय.

तर झालं असं की राऊटर आतल्या खोलीत आणि डबा हॉलमध्ये, मध्ये एक भिंत आणि मालकाचं लोखंडी कपाट. भिंतीला भोक पाडायचं नाही ही मालकाची अट, आणि डब्याचं वायर लावायचं तोंड आधीच मेलेलं. म्हणजे सगळी भिस्त वायफायवर. आणि ते असलं आचरट, की यांचा आवाज "शै..." म्हणेपर्यंत यायचा आणि स्क्रीनवर ते गोल चाक फिरायला लागायचं. हे तोंड उघडून तयारीत बसलेले असायचे, अगदी ओठांवर आलेलं असायचं काहीतरी... आणि चाक. मग हात झटकायचे आणि मान फिरवायचे. त्या दिवशी परत बघायचेच नाहीत. अशा किती संध्याकाळी वाया गेल्या. मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, जे यायचं ते या पहिल्या वर्षातच जास्त येतं. वर्ष तर चाललं होतं.

मी जुनी अकरावी. पण अडलं की शिकते. मोबाईलवर बघून बघून मी वायफाय शिकले. दोन बँड असतात, एक लांब जातो पण रखडतो, दुसरा पळतो पण भिंत दिसली की दम तोडतो. ओव्हन चालू केला की पहिल्याची वाट लागते. चॅनल बदलून बघितला. राऊटर कपाटावर चढवला. सिग्नल पुढे ढकलणारी ती पांढरी डबी आणून पॅसेजमध्ये लावली. शैला होम असं नाव दिलं त्याला, माझ्या नावाचं, तेवढीच हौस. समोरच्या बिल्डिंगमधल्या कांबळेताई — आम्ही रोज संध्याकाळी खाली बाकावर बसतो, शाळेत क्लार्क होत्या, कशाकशावर विश्वास न ठेवणारी बाई — त्या म्हणाल्या, "शैला, आता तू मेकॅनिकचा बोर्डच लाव खाली." पण चाक काही थांबलं नाही.

आणि एक दिवस थांबलं.

सलग अख्खी मंगळागौर चालली, एकदाही न अडकता. मी खूश, म्हटलं जमलं बाई आपल्याला. सहज डब्यात बघायला गेले कोणत्या बँडवर आहे, तर डबा शैला होमवर नव्हताच. तुम्हाला माहितीये ना, आजूबाजूच्या सगळ्या वायफायची यादी येते — शहांचं, वरच्या मजल्यावरच्या पोरांचं काहीतरी वात्रट नावाचं. त्या यादीत सगळ्यात वर एक ओळ होती, तिला नाव नव्हतं. नुसती रिकामी ओळ, पुढे भरलेल्या दांड्या, कुलूप नाही. आणि आमचा डबा आपला आपण जाऊन तिला चिकटला होता.

मला पहिलं काय वाटलं असेल तर राग आला. हो, राग. इतकी मरमर मी केली, कपाटावर मी चढले, आणि हा डबा बघतो कुणाकडे. मी त्याला ते नेटवर्क विसरायला लावलं — तशी सोय असते — तर पुन्हा शैला होम, पुन्हा चाक. आणि थोड्या वेळाने बघते तर परत तिकडेच.

दुसऱ्याचं वायफाय फुकट वापरायचं म्हणजे बरं नाही, म्हणून मी विचारून आले. शहाभाभी म्हणाल्या आमचं नाही. वरची पोरं म्हणाली आंटी, आमचंच चालत नाही. कांबळेताई म्हणाल्या, "चालतंय ना? मग चालू दे की. तू काय पोलीस आहेस?" म्हटलं बरं. यांचे ओठ हलायला लागले होते. आवाजामागे हुंकार यायला लागला होता. मी गप्प बसले.

मग मंजूचा फोन आला. रविवारी ती यांच्यापाशी बसते आणि मी भाजीबाजार करून येते. म्हणाली, "आई, तू बाहेर पडलीस ना की बंदच पडतं गं. तू आलीस की चालू. दोन-तीनदा झालं असं." मी म्हटलं काहीतरीच. पण दुसऱ्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या सहज मोबाईल काढला तर ती रिकामी ओळ तिथेही. खाली, कंपाउंडमध्ये. भरलेल्या दांड्या. कांबळेताईंच्या फोनमध्येही तीच. मी उठून गेटपर्यंत गेले, त्यांच्या फोनमधून ती गेली. परत आले, आली.

कांबळेताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, हे तुझ्यातून येतंय."

आता काय सांगू तुम्हाला... घाबरायला हवं होतं मी. मी घाबरले नाही. मी इतकी सुखावले की विचारू नका. चाळीस वर्षांच्यावर संसार केला, त्याचं हे फळ. माझा माणूस माझ्यामुळे बोलता होणार. मी नुसती जवळ बसायचं, आणि व्हिडिओ चालणार. कांबळेताई म्हणाल्या मी तुला तासावर भाड्याने देते, आणि मी हसत हसत जिना चढले. त्या संध्याकाळी यांच्या खुर्चीला खुर्ची लावून बसले, हळदीकुंकवाला बसावं तशी.

तो तोरा आठवडाभर टिकला असेल.

माझी मान दुखते जुनी. डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. तिथे अंगावर धातू चालत नाही म्हणून मी निघताना गळ्यातलं सगळं काढलं. मंगळसूत्र मंजूकडे दिलं आणि टाक यांच्या शेजारच्या स्टुलावर वाटीत ठेवला.

टाक म्हणजे सांगते. आमच्याकडे दुसरेपणावर आलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक घालतात. नखाएवढी चांदीची चकती, वर बाईचा ठसा. लग्नाच्या दिवशीच सासूबाईंनी माझ्या गळ्यात बांधला काळ्या दोऱ्यात. नवी साडी आली की आधी त्या टाकाला लावायची, मग आपण नेसायची. मी नाक मुरडलं असणार, कारण सासूबाई म्हणाल्या ते अजून कानात आहे — "तिका गळ्यात जागा दी गो, मगे ती तुका घरात जागा देतली." तेव्हापासून तो गळ्यात आहे. दोरा बदलते, टाक तोच. इतका अंगचा झालाय की आहे हेही लक्षात नसतं.

तर एमआरआयला कांबळेताई सोबत आल्या, मशीनमध्ये जाऊन ठणठण ऐकून मी दुपारनंतर परत आले. मंजूने दार उघडलं आणि हसत म्हणाली, "तुझी थिअरी गेली बघ. सकाळपासून चालू आहे, एकदाही अडकलं नाही."

मी आत बघितलं. हे टीव्हीसमोर. टीव्हीवर अष्टविनायक. आणि शेजारी स्टुलावर, वाटीत, ती.

मी चहा टाकला. पण दुसऱ्या दिवशी मी टाक घरी ठेवून खाली गेले — खिडकीतून व्हिडिओचा आवाज खाली येत राहिला, बाकावर यादीत ती ओळ नाही. मग टाक घेऊन खाली गेले — बाकावर ओळ आली, वरचा आवाज अडकला. चांगलं तीन-चार दिवस तपासलं. काही शंका उरली नाही. ते माझ्यातून येत नव्हतं. ते तिच्यातून येत होतं. मी आपली नुसती खुंटी.

मंडळी, तुम्ही इथे लिहिता ना, अंगावर काटा आला, दरदरून घाम फुटला... मला तसलं काही झालं नाही. मला आग लागली. मेलेल्या बाईचा मत्सर करू नये म्हणतात. पण जिवंत सवतीशी निदान भांडता येतं. हिच्याशी कसं भांडणार? हिने कधी भाजीत मीठ जास्त घातलं नाही, हिचे गुडघे दुखले नाहीत, ही कधी म्हातारी झाली नाही. सासूबाई सोलकढी चाखून "सुमतीच्या हातची..." एवढंच म्हणायच्या आणि वाक्य सोडून द्यायच्या. आणि हे? हे तिच्याबद्दल एक अक्षर कधी बोलले नाहीत. सगळ्या जगाशी बोलणारा माणूस याच एका गोष्टीवर गप्प. बोलले असते तर मला कळलं तरी असतं, किती आहे आणि काय आहे ते.

त्यात माझं नशीब बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच टीव्हीसमोर बसले आणि मुद्दाम बघितलं. प्रत्येक व्हिडिओत माझ्या गळ्यात टाक आहे. असणारच, मी काढतच नव्हते. पण ऊन पडलं की तो चमकतो, आणि कॅमेरा जवळ येतो... माझ्या तोंडावर येतो की गळ्यावर येतो, तुम्हीच सांगा. मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितलं. इतकी वर्षं मी पदर सारखा करून, केस चापून या कॅमेऱ्यासमोर उभी राहिले, आणि तो बघत कुणाकडे होता?

मी टाक काढला, रुमालात बांधला आणि कांबळेताईंकडे देऊन आले. म्हटलं ठेव तुझ्याकडे. त्या म्हणाल्या, "मी हे असलं काही मानत नाही, तुला माहितीये." म्हटलं म्हणूनच तुझ्याकडे.

आणि मी नवा राऊटर आणला. चांगला चार कानांचा. माणूस येऊन बसवून गेला, राऊटर खोलीच्या दाराशी आला, मधलं कपाट आम्ही बाजूला सरकवलं. शैला होमच्या दांड्या हॉलमध्ये भरून दिसायला लागल्या, मोबाईलवर सगळं पळत होतं. यादीत ती रिकामी ओळ नाही. मी आंघोळ करून नवी साडी नेसले — टाकाला न लावता, सरळ नेसले — आणि संध्याकाळी यांना बसवून व्हिडिओ लावला.

चाक.

दांड्या भरलेल्या आणि चाक. मी डबा बंद करून चालू केला. चाक. दुसरा दिवस, तिसरा दिवस, तेच. तो राऊटरवाला येऊन बघून गेला, म्हणाला नेट फर्स्टक्लास आहे काकू, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये काहीतरी असेल. पण त्याने त्याचं स्वतःचं काहीतरी त्याच डब्यावर लावलं तर ते चाललं. आमचेच व्हिडिओ चालेनात.

हुंकारही बंद झाला. मॅडम म्हणाल्या मागे चाललेत का थोडे, काही बदललंय का घरात. मी नाही म्हटलं.

आणि मग एका संध्याकाळी, चाक फिरतंय, मी रिमोट आपटतेय, आणि यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडाकडे नाही. गळ्याकडे. खूप वेळ. चांगला हात उचलला, टाक नसलेल्या माझ्या गळ्याकडे बोट केलं, ओठांची जुळवाजुळव चालली होती, मला वाटलं पुन्हा नुसता हुंकार.

"ती," हे म्हणाले.

स्पष्ट. कुणीही ओळखावं असं. झटक्यानंतरचा पहिला शब्द. ज्यासाठी मी कपाटावर चढले, जागरणं केली, बँड आणि चॅनल शिकले... तो पहिला शब्द आला, आणि तो तिचा होता.

मी स्वयंपाकघरात गेले. ओट्याला टेकून उभी राहिले. वाटलं नाही आणायचा. राहू दे हा माणूस गप्प. आयुष्यभर तिच्याबद्दल गप्प राहिला तसा माझ्यासाठीही गप्प राहू दे. असं वाटलं, खरंच वाटलं, आता इथे तुमच्यापासून काय लपवायचं. मग बाहेर वाकून बघितलं तर हे तसेच बसलेले, बोट अजून वर धरलेलं. खाली घ्यायचं विसरले होते.

चपला घातल्या आणि गेले.

कांबळेताईंनी दार उघडून माझ्याकडे बघितलं आणि रुमाल आणून हातात ठेवला. एवढंच म्हणाल्या, "कपाटात ठेवला होता. मी काही मानत नाही. पण ने बाई, ने."

जिना चढता चढता मी दोरा गळ्यात बांधला. लग्नात सासूबाईंनी बांधला होता, यावेळी माझा मी बांधला. गाठ बसेना. चाकामागे अडकलेलं मला बाहेरूनच ऐकू आलं... दार उघडायच्या आधी. समुद्राचा वारा माईकमध्ये घुसतो ना, तसा भर्र आवाज.

आत गेले तर व्हिडिओ चालू होता. विजयदुर्गचा. मी तटावर उभी, डोळ्यात ऊन, हातात जांभळांची पिशवी, गळ्यात चकती चमकतेय. आणि टीव्हीतून यांचा आवाज, तो जुना, भरलेला आवाज — "शैले, इकडे बघ. हस की जरा, दंड भरायला आल्यासारखी काय उभी?"

आणि खुर्चीतून, टीव्हीच्या मागोमाग, घोगरा, अर्धा तुटलेला —

"शैले."

टीव्हीकडे बघत नव्हते. दाराकडे बघत होते. माझ्या तोंडाकडे.

आता हे बरंच बोलतात. चहा, पंखा, मंजू, नको, आणि दिवसाला शंभरदा शैले. मॅडमना आश्चर्य वाटतं. "ती" हा शब्द मात्र पुन्हा कधी म्हणाले नाहीत. मी विचारलंही नाही. कधी वाटतं विचारावं, कधी वाटतं उत्तर आलं तर?

मंजूला सगळं सांगितलं. ती म्हणाली आई, चांदीतून वायफाय येत नाही, एवढंसं आहे ते, त्याला ना बॅटरी ना काही. मलाही माहितीये येत नाही, मीच तिला दोन बँडमधला फरक समजावून सांगते. तिच्या ऑफिसातल्या एका मुलाला आणलं होतं, तो यादी बघून मान हलवत गेला. तुमच्यात कोणी जाणकार असेल तर सांगा. उतारा वगैरे सुचवू नका, घालवायचं नाहीये मला. फक्त कळलं तर हवंय.

नवी साडी परत आधी तिला लावते. लावताना दोन शब्द सुनावते, ते चालूच आहे. तुझ्यात एवढी ताकद होती तर तापाला का घाबरलीस गं, असंसुद्धा म्हणते एखाद्या वेळी.

आणि मंजू म्हणते ते तुझं कनेक्शन बंद करून टाक आता, उगाच कशाला. पण मी शैला होम बंद केलेलं नाही. असू दे. रोज संध्याकाळी डबा लावला की मी यादी उघडून बघते. वर ती, बिननावाची. आणि खाली, दुसऱ्या नंबरवर, मी.